गिफ्ट म्हणजे भेट, विष की लग्न झालेला? एकाच शब्दाची चार भाषांतली गोष्ट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमचं जर्मन बी-वन झालंय, म्हणजे मधली पातळी, नवऱ्याला स्वीडनमध्ये गोथेनबर्गला नोकरी लागलीय, आणि तिकडच्या नोंदणीच्या कागदावर त्याच्या नावापुढे जी-आय-एफ-टी अशी चार अक्षरं छापून आली. इंग्रजीत ती भेटवस्तू, जर्मनच्या क्लासमध्ये शिकवलं की हे विष, आणि स्वीडिश कागद म्हणतो विवाहित. तुम्ही विचारलंय की हा खरंच एक शब्द आहे का नुसतं स्पेलिंग जुळलंय, त्यातला मूळ अर्थ कुठला, आणि आता स्वीडिश सुरू केलं तर डोक्यात खिचडी होऊ नये म्हणून काय करायचं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. हो, एकच शब्द आहे, योगायोग नाही. मूळ अर्थ ना भेट, ना विष, ना लग्न. मूळ अर्थ फक्त ‘देणं’. इंग्रजीतलं गिव्ह आणि जर्मनमधलं ‘गेबन’ हे याचं घर, आणि या क्रियापदाचं नाम म्हणजे आपला हा शब्द. तिसरा प्रश्न मात्र खरा अवघड, कारण अर्थ तुम्हाला आत्ताच तिन्ही माहितीयेत तरी गोंधळ होतोच आहे. म्हणजे अडचण अर्थ माहीत नसण्याची नाहीये. वाक्यात तो शब्द समोर आला की त्या क्षणी कुठला अर्थ घ्यायचा हे कशावरून ओळखायचं, ही अडचण आहे, आणि त्याचं उत्तर व्याकरणात आहे, डिक्शनरीत नाही.

मी 22 वर्षं पुण्यात जर्मन शिकवतेय आणि जोडीला अनुवाद करते, जास्त करून मशिनरीची मॅन्युअल्स आणि केमिकलची सुरक्षापत्रकं. डच मला कामापुरती वाचता येते. स्वीडिश उशिरा शिकले, मुलगी उप्सालाला शिकायला गेली तेव्हा. त्यामुळे जर्मनबद्दल मी खात्रीने बोलेन, स्वीडिशबद्दल शिकणारीच्या नजरेतून, आणि ते तुम्हाला जास्त उपयोगी पडेल असं वाटतं कारण मी पण जर्मनकडूनच तिकडे गेले.

वर्गातलं एक उदाहरण आधी देते. ए-टूची बॅच होती, भूतकाळ नुकताच झाला होता, आणि मी सांगितलं की घरच्या कुणाच्या वाढदिवसाबद्दल पाच वाक्यं लिहून आणा. एका मुलीने फार मन लावून लिहिलं होतं. तिचं दुसरं वाक्य होतं, ‘इश हाबं माइनर मुटर आइन गिफ्ट गेगेबन’. आता बघा, या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. ‘आईला’ यासाठी डेटिव्ह बरोबर, वस्तू अक्युझेटिव्हमध्ये बरोबर, सहाय्यक क्रियापद बरोबर, कृदंत वाक्याच्या शेवटी बरोबर. आणि वाक्याचा अर्थ: मी माझ्या आईला विष दिलं. वर्गातली दोनतीन मुलं हसली, तिचा चेहरा पडला, आणि पुढचे दोन तास ती तोंड उघडेना. मला तेव्हा लख्ख दिसलं की आपण पोरांना ‘गिफ्ट म्हणजे विष हं, लक्षात ठेवा’ एवढंच सांगून मोकळे होतो, का ते सांगत नाही, आणि का ते न सांगता दिलेली माहिती लिहायच्या वेळी हाताशी येत नाही. भेट म्हणायचं असेल तर जर्मनमध्ये ‘डास गेशेंक’. पण हे नुसतं पाठ करण्यापेक्षा हा शब्द तिकडे कसा पोचला ते एकदा समजून घेतलेलं बरं, मग तो आयुष्यभर विसरत नाही.

तर ‘देणं’ या अर्थाचा शब्द तीन वाटांनी गेला, आणि मला कायम आश्चर्य वाटतं की आपल्या मराठीतलं ‘देणे’ सुद्धा बरोबर त्याच तीन वाटांनी गेलंय.

लग्नाची वाट आधी घेऊ, कारण तुमचा कागद तिथला आहे. आपल्याकडे अजूनही सहज विचारतात, धाकटी कुठे दिली? साताऱ्याला दिलीय. इथे ‘दिली’ म्हणजे लग्न करून दिली हे सांगायची गरज कुणालाच पडत नाही. मुलीकडचे मुलगी ‘देतात’ आणि मुलाकडचे ‘करतात’, आम्ही नगरची मुलगी केली असं म्हणतात, आणि या दोन साध्या क्रियापदांतून बोलणारा मांडवात कुठल्या बाजूला बसला होता ते कळतं. उत्तर युरोपात नेमकं हेच झालं. स्वीडिशमध्ये ‘यिफ्ता बॉर्ट’ असा प्रयोग आहे (लिहिताना तोच ग, बोलताना य), त्याचा अर्थ मुलीला लग्नात देऊन टाकणं, आणि आजही एखाद्या मुलीचं तिच्या मर्जीविरुद्ध लग्न लावून दिलं तर बातमीत तेच शब्द येतात. म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या कागदावरचा शब्द मुळात ‘दिलेला’ या जातीचा. पुढे त्याच क्रियापदाला स्वतःवाचक सर्वनाम लागलं, ‘यिफ्ता सेय’, अक्षरशः बघितलं तर स्वतःला देणं, आणि आज लग्न करणं याला हाच रोजचा शब्द आहे, बाई असो की बाप्या, दोघांनाही. आपल्याकडे कुणी ‘मुलगा साताऱ्याला दिला’ म्हणत नाही, घरजावई असला तरी. त्यांच्याकडे तो फरक पुसला गेला आणि शब्द दोघांचा झाला, म्हणून तर तुमच्या नवऱ्याच्या नावापुढे तो बिनधास्त छापून आला.

जुन्या इंग्रजीत सुद्धा या शब्दाचा अर्थ भेटवस्तू नव्हता. तिथे तो वधूमूल्याला वापरायचे, म्हणजे आपल्याकडे काही समाजांत ज्याला देज म्हणतात ते, आणि त्याचं अनेकवचन म्हणजे थेट लग्नसोहळा. आजचा भेटवस्तूचा अर्थ इंग्रजीत आला तो व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेच्या वजनाने, आणि त्याचा पुरावा उच्चारात आहे, तो मी खाली सांगते कारण तुम्हाला स्वीडिश बोलायला लागेल.

आता विष. हे मला सगळ्यात जास्त आवडतं आणि इथे थोडी रेंगाळणार आहे. ग्रीकमध्ये वैद्य रोग्याला जे द्यायचा त्याला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे ‘देणं’, ‘दिलेलं’. हाच आपला डोस. ग्रीक डोसिस आणि संस्कृत ‘दा’ धातू एकाच मुळाचे, त्यामुळे ‘डॉक्टरने डोस दिला’ हे वाक्य म्हणताना आपण एकच धातू दोनदा म्हणत असतो. हा डोसिस लॅटिनमधून वैद्यकीच्या पुस्तकांत गेला, आणि जुन्या जर्मन भाषेत त्याला शब्दाला शब्द लावून देशी नाव वापरलं गेलं, गिफ्ट, ‘दिलेलं’. म्हणजे सुरुवात औषधाच्या मात्रेपासून. मग ज्या गोष्टीचं नाव घ्यायला जीभ धजत नाही तिच्यासाठी माणसं मऊ शब्द शोधतात तसं झालं, आणि विषाला ‘दिलेलं’ म्हणायला लागले.

हे परकं वाटत असेल तर आपल्या गावाकडचं बोलणं आठवा. ‘तिला कुणीतरी काहीतरी दिलंय’ असं दबक्या आवाजात म्हणतात तेव्हा ते ‘काहीतरी’ म्हणजे काय ते ऐकणाऱ्याला कळतं. आणि त्याहून जवळचं, त्याहून दुखणारं उदाहरण म्हणजे ‘औषध’. शेतावर फवारायचं कीटकनाशक, त्याला कुणीही विष म्हणत नाही, ते औषध. कापसावर औषध मारलं, औषध आणायला तालुक्याला गेलेत. आणि ‘अमक्याने औषध घेतलं’ ही बातमी घरात आली की बायका रडायला लागतात, कारण ते कुठलं औषध हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मावशीच्या गावात हे वाक्य मी लहानपणी ऐकलंय आणि अर्थ कळायला मला फार वेळ लागला नव्हता. तेव्हा जर्मन माणसाने विषाला ‘दिलेलं’ का म्हटलं असेल याचं नवल निदान आपल्याला तरी वाटू नये.

16व्या शतकात पॅरासेल्सस नावाचा एक वैद्य होऊन गेला, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला. 1538 मध्ये त्याने लिहिलेलं एक वाक्य औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही सांगतात: सगळ्याच गोष्टी विष आहेत, विषाशिवाय काही नाही, एखादी गोष्ट विष नाही हे फक्त तिची मात्रा ठरवते. मूळ जर्मन वाक्यात विषासाठी ‘गिफ्ट’ आहे आणि मात्रेसाठी ‘डोसिस’. दोन्ही शब्दांचा मुळातला अर्थ ‘देणं’! एक देशी, एक ग्रीक. केमिकलच्या सुरक्षापत्रकाचा अनुवाद करताना किती मिलिग्रॅमपर्यंत चालेल आणि कुठून पुढे धोका तो तक्ता आला की मला हे वाक्य हटकून आठवतं, आणि आपल्याकडची सहाणेवर उगाळून दिलेली मात्रा पण आठवते.

तिसरी वाट भेट आणि दान यांची, ती सरळच आहे. आपली ‘देणगी’ बघा. मंदिराला दिलेली देणगी वेगळी आणि गळ्याची देणगी वेगळी, पण शब्द एकच. इंग्रजीत भेट ती गिफ्ट आणि अंगी गुण असलेला माणूस तो गिफ्टेड. जर्मनमध्ये त्याच गेबनपासून ‘गाबं’ म्हणजे देणगी आणि ‘बेगाब्ट’ म्हणजे गुणी, हुशार, फक्त तिथे गिफ्ट हे रूप विषाने अडवून ठेवल्यामुळे भेटीसाठी दुसरी रूपं पुढे आली. मराठीत एकाच ‘देणे’त मुलगी दिली, काहीतरी दिलं आणि देणगी दिली हे तिन्ही मावतं. त्यांच्या भाषांनी ते आपसात वाटून घेतलं, एवढाच काय तो फरक.

आता व्याकरणाकडे येऊ. ओळखायचं कसं, तर आधी आर्टिकल बघायचं, म्हणजे नामाचं लिंग दाखवणारा डेअर, डी, डास सारखा छोटा शब्द, मग शेवटचं अक्षर, मग शेजारचा शब्द. अर्थ सगळ्यात शेवटी. मराठीत आपण हे रोज न कळत करतो. ‘तो हार’ म्हटलं की फुलांचा, ‘ती हार’ म्हटलं की पराभव. माळ गळ्यातली असेल तर ती, आणि गावाबाहेरचा उघडा माळ असेल तर तो. वेळ किती लागला विचारलं तर पुल्लिंगी, किती वाजता ते विचारलं की ‘कोणती वेळ’, लगेच स्त्रीलिंगी. लिंग बदललं की अर्थ बदलला, आणि आपल्याला कुणी तक्ता देऊन शिकवलं नाही.

जर्मनमध्ये विष म्हणजे ‘डास गिफ्ट’, नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘डी गिफ्टं’. (मराठीतलं आपलं उसनं घेतलेलं गिफ्ट पण नपुंसकलिंगीच, छान गिफ्ट मिळालं, त्यामुळे आपल्या पोरांना ‘डास गिफ्ट’ फार सहज तोंडात बसतं आणि चूक तितकीच सहज होते.) पण हुंड्याला, म्हणजे मुलीबरोबर माहेरहून येतं त्याला, ‘डी मिटगिफ्ट’ म्हणतात, आणि हे स्त्रीलिंगी आहे. मिट म्हणजे सोबत, मिटगिफ्ट म्हणजे सोबत दिलेलं. तुम्ही बी-वनला शिकलाच असाल की जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. मग शेवटी गिफ्ट असताना ‘डास’ का नाही? कारण हा शब्द मुळात स्त्रीलिंगी होता. ‘देणं, भेट’ या अर्थाने जुन्या जर्मनमध्ये तो ‘डी गिफ्ट’ असाच होता, पुढे काही शतकं तर तो तिन्ही लिंगांत सापडतो, आणि विषाच्या अर्थाने नपुंसकलिंग पक्कं होत गेलं तसा भेटीचा अर्थ मावळला. मिटगिफ्ट मात्र जोडशब्दात अडकल्यामुळे जसा होता तसा राहिला, जुन्या वाड्यात एखादी खोली कुलूपबंद राहावी तसा. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं वही काढून लिहून घेतात, कारण अपवाद म्हणून पाठ केलेलं ‘डी’ आणि कारण कळलेलं ‘डी’ यांत फरक पडतो.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा: उत्तर काळावर पण अवलंबून आहे. आजचं जर्मन वर्तमानपत्र वाचताय तर गिफ्ट म्हणजे विषच, डोळे मिटून. पण एखादा तीनशे वर्षांपूर्वीचा मजकूर हातात आला आणि तिथे ‘डी’ दिसलं तर थांबायचं आणि वाक्य परत वाचायचं.

डचमध्ये दोन अर्थ शेजारी नांदतात आणि आर्टिकल त्यांना वेगळं ठेवतं. ‘द खिफ्ट’ म्हणजे देणगी (ग चा उच्चार ते घशातून ख सारखा करतात), आणि ‘हेत खिफ’ किंवा ‘हेत फरखिफ’ म्हणजे विष. शेवटचा ट पण बहुतेक गळून पडलाय, तीही मदतच. माझी एक जुनी विद्यार्थिनी आइंडहोव्हनला असते, तिने एकदा रात्री मला टॅक्सच्या फॉर्मचा फोटो पाठवला, त्यात ‘खिफ्टन’ असा एक रकाना होता आणि तिने जर्मनच्या हिशोबाने तो ‘विषारी पदार्थ’ असा वाचला होता, विचारत होती की घरात झुरळांचं औषध आहे ते इथे लिहायचं का. तो रकाना होता मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणग्यांचा, ज्यावर तिकडे अटींसह टॅक्समध्ये सूट मिळते. तिने त्या वर्षी एका संस्थेला पैसे दिलेले होते, तो रकाना तिच्या फायद्याचाच होता. इथे बघा, अनेकवचनात आर्टिकल मदतीला येत नाही, शेवट बघावा लागतो: देणग्या असतील तर ट येणार. पण सावध, विशेषण ‘खिफ्टख’ मध्ये ट असूनही अर्थ विषारी. वाढदिवसाच्या भेटीला ते हा शब्द सहसा वापरतच नाहीत, तिथे फ्रेंचमधून आलेलं ‘कादो’.

आता तुमची स्वीडिश. इथे खरी गंमत आहे कारण दोन्ही अर्थ, स्पेलिंग तेच, आणि उच्चारही तोच, यिफ्त. विषाचा अर्थ त्यांच्याकडे नंतर आला, जर्मनच्या उत्तरेकडच्या बोलीतून, जिचे शेकडो शब्द मध्ययुगातल्या व्यापाराबरोबर स्वीडिशमध्ये शिरले. लग्नाचा अर्थ घरचाच होता. त्यामुळे एकाच घरात दोन सख्ख्या बहिणी, एक माहेरीच राहिलेली आणि दुसरी जर्मनीत वाढून परत आलेली, असं काहीसं झालं.

वेगळं कसं करायचं? नाम असेल तर विष, विशेषण असेल तर विवाहित. ‘एत यिफ्त’ एवढंच असेल तर ‘एक विष’. ‘यिफ्तेत’ म्हणजे ‘ते विष’, त्यांच्याकडे निश्चित आर्टिकल शब्दाच्या शेपटीला चिकटतं. पण ‘एत यिफ्त पार’ दिसलं तर ते विष नाही, ते विवाहित जोडपं! इथलं ‘एत’ हे ‘पार’ म्हणजे जोडपं या शब्दाचं आहे, मधला यिफ्त हे विशेषण आहे. म्हणून मी म्हटलं की आर्टिकल बघून थांबायचं नाही, शेजारचा शब्द पण बघायचा. अनेकवचनात दोघंही लग्न झालेले असतील तर ‘यिफ्ता’, आणि विषं असतील तर ‘यिफ्तर’. एवढ्यावर निभावलं असतं पण ‘यिफ्तर’ हे क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप पण आहे, ‘ते लग्न करताहेत’ यासाठी, आणि तिथे पुढे ‘सेय’ लागतं. यिफ्तर पुढे सेय असेल तर आहेर आणा, नसेल तर बाटलीला हात लावू नका, असं मी माझ्या मुलीला सांगितलं होतं आणि तिला ते पाठ झालं.

उप्सालाच्या बाजारात एका भाजीच्या टपरीवर मी ‘यिफ्तफ्री’ अशी पाटी पाहिली होती. माझं स्वीडिश तेव्हा तीनेक महिन्यांचं. यिफ्त म्हणजे विवाहित एवढंच नव्याने शिकलेलं, त्यामुळे मला वाटलं अविवाहित, आणि गाजरांशी त्याचा काय संबंध म्हणून मी पाच मिनिटं तिथे उभी राहिले. टपरीवाल्या आजींनी एक गाजर मोडून माझ्या हातात दिलं, नुसतं धुतलेलं, सालासकट, आणि खा अशी खूण केली. विषमुक्त! फवारणी न केलेलं. स्वीडनच्या सरकारची पर्यावरणाची 16 उद्दिष्टं आहेत त्यातल्या एकाचं नावच ‘यिफ्तफ्री मिल्यो’, विषमुक्त परिसर. अविवाहितला शब्द वेगळा, ‘ऊयिफ्त’, आपल्या ‘अ’सारखा नकाराचा उपसर्ग पुढे लावून. तुमच्या त्याच फॉर्ममध्ये तो पण कुठेतरी असेल.

भेटीला स्वीडिशमध्ये काय? ‘प्रेसेंत’, किंवा जरा मोठं, औपचारिक असेल तर ‘गोवा’. हो, ऐकायला आपल्या गोव्यासारखंच, आणि तो पण ‘देणं’ मधूनच आलाय. यिफ्त कधीच नाही.

शेजारच्या भाषांचं पटकन सांगते, कारण गोथेनबर्गहून डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्ही जवळ, पाट्या दिसतीलच. दोघांकडे विष आणि विवाहित हे दोन्ही अर्थ आहेत. डॅनिश लोक ग कडक ठेवतात, नॉर्वेत य होतो. विषाचं लिंग मात्र स्वीडिशसारखं नपुंसक नाही, डॅनिशमध्ये सामान्यलिंगी (पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र झालेलं), आणि नॉर्वेजियनमध्ये पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी, बोलणाऱ्यावर आहे. म्हणजे लिंग एका भाषेतून दुसरीत जसंच्या तसं उचलता येत नाही, हे जर्मन येणाऱ्यांनी जरा ठळक लिहून ठेवावं. आइसलँडिकमध्ये विषाचा अर्थ शिरलाच नाही, विषाला ते ‘एय्तुर’ म्हणतात, तिथे लग्न झालेला पुरुष ‘गिफ्तुर’ आणि बाई ‘गिफ्त’, आपल्या झालेला-झालेली सारखं विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं.

उच्चाराचं राहिलं होतं. स्वीडिशमध्ये इ, ए सारख्या पुढच्या स्वरांआधी ग आला की त्याचा य होतो. तुमच्या शहराचंच नाव घ्या, आपण गोथेनबर्ग म्हणतो, तिथले लोक ‘योतेबॉर्य’ म्हणतात. पहिल्या अक्षरात तोच नियम. इंग्रजीत पण हे जुन्या काळी झालं होतं, म्हणून जर्मन ‘गेल्ब’ तिकडे येलो, ‘गेस्टर्न’ तिकडे येस्टरडे. त्या हिशोबाने इंग्रजीत गिफ्ट नाही, यिफ्ट व्हायला हवं होतं आणि जुन्या इंग्रजीत तसं होतंही. मग व्हायकिंग उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिले, त्यांच्या बोलण्यात तेव्हा ग कडक होता, आणि गिव्ह, गेट, गिफ्ट हे त्यांच्या वळणाने कडक झाले. पुढे स्वीडनने आपला ग मऊ केला आणि इंग्रजांकडे तो कडकच राहिला. मला हे फार सुंदर वाटतं, की स्कँडिनेव्हियाने ठेवायला दिलेला उच्चार इंग्रजीने सांभाळला आणि देणाऱ्याकडे तो उरला नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, करायचं काय. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधी कबूल करते. जर्मन बी-वन पक्कं असेल, म्हणजे तुम्ही लेखी परीक्षा पास झालात एवढंच नाही, तर आर्टिकल न आठवता तोंडात येतंय, तर स्वीडिश लगेच सुरू करा, जर्मनचा फायदाच होईल. पण डेअर, डी, डास अजून प्रत्येक वेळी मनात घोकावं लागत असेल तर माझ्या मते दोनतीन महिने थांबा, नाहीतर दोन्हीकडे कच्चं राहील. आणि जायची तारीख जवळ असेल तर हा विचारच सोडा, स्वीडिश घ्या, जर्मन नंतर वर काढता येतं. हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय, झोपलेलं जर्मन दोन आठवड्यांत जागं होतं.

वही करताना शब्दापुढे मराठी अर्थ लिहू नका. मी वर्गात हे बंदच करून टाकलंय. त्याऐवजी त्या शब्दाचं एक अख्खं वाक्य लिहा, आर्टिकलसकट, आणि वाक्य तुमच्या घरचं असू द्या. सापाचं विष, श्लांगनगिफ्ट, याचं एक. आजीच्या लग्नात आलेल्या भांड्यांचं मिटगिफ्ट घालून एक. स्वीडिशला स्वतःच्या लग्नाचं एक. त्या वर सांगितलेल्या मुलीने पुढे हेच केलं, तिच्या वहीत गेशेंकचं वाक्य होतं आईच्या पैठणीचं आणि गिफ्टचं वाक्य होतं नागाचं, दोन्ही एकाच पानावर, आणि बी-टूच्या तोंडी परीक्षेत तिला भेटवस्तूंवर बोलायला लागलं तेव्हा ती एकदाही अडखळली नाही. वेगवेगळ्या भाषांसाठी वेगळी शाई वापरलीत तर अजून चांगलं, पण तो शेवटी सवयीचा प्रश्न.

आणि एक, फसवे शब्द म्हणून वेगळी यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. त्या यादीत शब्द उघडे असतात, आर्टिकल नाही, शेजारी नाही, आणि नेमकं तेच तर ओळखायचं साधन आहे.

तुमच्या कागदात काही चूक नाहीये, तो तसाच ठेवा. तुमची नोंदणी होईल तेव्हा तुमच्या नावापुढेही तेच येईल आणि काउंटरवर कदाचित तोंडी विचारतील. तेव्हा ‘या ए यिफ्त मे’ एवढं म्हणायचं आणि पुढे नवऱ्याचं नाव. या म्हणजे मी, ए म्हणजे आहे. शेवटचं ‘मे’ लिहिताना त्याला द असतो पण बोलताना बहुतेक जण गिळतात, अर्थ ‘सोबत’, आपल्या ‘याच्याशी लग्न झालंय’ मधला ‘शी’. इंग्रजीसारखं तिथे ‘टू’ शोधत बसू नका, जर्मनमध्ये जसं ‘मिट’ लावता तसंच. आणि पहिलं अक्षर य, ग नाही. आजपासून घरात नवऱ्याबरोबर दहादा म्हणून बघा, त्यालाही लागेलच.